सकाळची सात मिनिटं

अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरच्या दक्षिण भागातल्या एका मराठी घरात, तळघरात, पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या गोळ्यांवर (पेलेटवर) चालणारी शेगडी, बसवलेला आहे. थर्मोस्टॅट पहाटे साडेपाचचा. हिवाळ्यात त्या घरच्या आई संगमेश्वरहून सहा महिन्यांसाठी राहायला आल्या होत्या आणि त्यांची खोली जिन्याच्या तोंडाशी होती. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या चहा घेताना म्हणाल्या, "अरे, कुठेतरी धूर कोंडतोय." मुलगा म्हणाला, "आई, वर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय ना. धूर असता तर वाजला असता." त्यांचं समाधान झालं नाही. "पेटलेल्याचा धूर नव्हे रे हा. धुमसतंय काहीतरी." सात-आठ मिनिटांत वास गेला आणि विषयही मागे पडला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा तोच वास, तेवढाच वेळ. मुलाने त्याआधीच, ऑक्टोबरात, उष्णता सोसणाऱ्या लाल सिलिकॉनच्या तीन ट्यूबा स्टोव्हचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या प्रत्येक सांध्यावर बाहेरून थापल्या होत्या. सांध्यांना लाल मफलर गुंडाळावेत तसा तो पाइप दिसत होता. तरी वास होताच. ही हकिगत कानावर आली तेव्हापासून मनात घोळत राहिला तो त्यांचा एक शब्द. धुमसतंय.

कारण त्या एका शब्दात अर्धं निदान झालं होतं. पेलेट स्टोव्ह पेटतो तेव्हा आधी जाळ होत नाही, आधी धुमसणंच होतं. पेलेटच्या साठ्याच्या टाकीतून (हॉपरमधून) ऑगरचा स्क्रू मूठभर पेलेट जळणाच्या वाटीत (बर्न पॉटमध्ये) टाकतो, खाली पेटवणाऱ्या इग्नायटरची कांडी लालभडक होते, तिच्यावरून आलेली गरम हवा त्या पेलेटना आधी सुकवते, मग करपवते. तीन ते पाच मिनिटं नुसता दाट, पिवळट पांढरा धूर. मग एकदम भप्पकन जाळ धरतो आणि धूर जवळजवळ नाहीसाच होतो. म्हणजे पाइपला फट असेल तर ती दिवसभर असते, पण नाकाला आणि डोळ्यांना तिचा पत्ता लागतो तो एवढ्याच वेळात. पुढे जाळ स्वच्छ झाला की त्याच फटीतून जे बाहेर येतं त्याला रंग नसतो आणि वासही फारसा नसतो. दुसरंही एक कारण आहे. खोलीत गरम हवा फेकणारा पंखा स्टोव्ह तापल्याशिवाय सुरू होत नाही. तोवर खोलीतली हवा स्थिर असते आणि धूर एका जागी रेंगाळतो. नंतर पंखा त्याला सगळ्या घरात पांगवून टाकतो, म्हणून "वास गेला" असं वाटतं.

चुलीच्या घरात वाढलेल्या माणसाला धुराच्या जाती कळतात. ओलं लाकूड धुपतं त्याचा धूर डोळ्यांत जातो, शेणीचा धूर जड असतो, जमिनीलगत सरपटतो, आणि फुंकणीने निखारा फुलला की धूर मागे हटतो. त्या घरांत धुराला वाट एकच, वर. कौलांच्या फटींतून, धुराड्यातून तो आपोआप जायचा, कारण गरम हवा हलकी. लाकडाच्या जुन्या स्टोव्हचंही तेच. उभी चिमणी तापली की ती ओढ घेते, आणि तिच्या सांध्यात बारीक फट असली तरी धूर बाहेर येण्याऐवजी खोलीतली हवाच आत ओढली जाते. पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडलेला हा नियम पेलेट स्टोव्हच्या पाइपला लागू होत नाही, आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

हे स्टोव्ह १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वायव्येकडे रुजले. सत्तरीच्या दशकातल्या तेलटंचाईची आठवण ताजी होती आणि लाकूडगिरण्यांपाशी भुशाचे डोंगर पडून होते. जेरी व्हिटफिल्ड हे बोइंगमधले अभियंते त्यातल्या सुरुवातीच्या लोकांपैकी. विमानाच्या जगातला माणूस या कामात पडला हे चटकन पटतं, कारण पेलेट स्टोव्ह म्हणजे मुळात हवेच्या वाटेचं यंत्र आहे. जळण छोटं, हवा मोजून दिलेली, आणि ओढ चिमणीची नव्हे तर पंख्याची. हा ज्वलनाचा पंखा भट्टीच्या पुढे, धुराच्या वाटेवर बसवलेला असतो. त्याच्या अलीकडे, म्हणजे भट्टीत आणि राखेच्या कप्प्यांत, ओढ असते. तिथे दाराचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, झिजलं तर हवा आत जाते, जाळ आळशी होतो, काच काळी पडते, पण धूर खोलीत येत नाही. पंख्याच्या पलीकडे मात्र दाब असतो. पंखा धुराला ढकलतो, आणि ढकललेला धूर केसाएवढ्या फटीतूनही बाहेर येतो. म्हणून पंख्यापासून बाहेरच्या टोपीपर्यंतचा प्रत्येक सांधा हवाबंद असावा लागतो.

आता पाइपकडे बघू. अमेरिकेत पेलेटसाठी जो पाइप मान्य आहे तो दुहेरी भिंतीचा असतो: आत स्टेनलेस स्टील, बाहेर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, आणि मध्ये साधारण पाव इंचाची पोकळी. ही पोकळी बाहेरचा पत्रा निववायला ठेवलेली आहे, म्हणजे भिंतीचं लाकूड तापू नये. पण गळतीच्या बाबतीत हीच पोकळी चकवा देते. धूर सुटतो तो आतल्या पाइपच्या सांध्यातून. सुटला की तो थेट खोलीत येत नाही, पोकळीत शिरतो, पोकळीतून वर चढतो आणि जिथे बाहेरचा पत्रा सैल सापडेल तिथून डोकं काढतो. तो सांधा मूळ फटीपासून दोन फूट वर असेल, चार फूट असेल, कधी थेट भिंतीतून पाइप जातो त्या खोक्याशी असेल. माणूस तिथे सिलिकॉन थापतो. धूर पुढच्या सांध्याशी जातो. माणूस तिथेही थापतो.

धूर दिसला तिथे तो फक्त बाहेर पडलेला असतो.

संगमेश्वरच्या आईंच्या मुलाकडे नेमकं हेच झालं होतं. स्टोव्हच्या शेपटीला, म्हणजे धूर सोडणाऱ्या मागच्या नळकांड्याला, अडॅप्टर (जोडतुकडा), अडॅप्टरला टी (तीन तोंडांचा तुकडा), टीच्या खालच्या तोंडाला राख काढायची टोपी, टीवरून ५ फूट उभा पाइप, मग ९० अंशाचा एल्बो (वळणाचा तुकडा) आणि २ फूट आडवा पाइप भिंतीतून बाहेर. वास एल्बोपाशी यायचा आणि भिंतीवर, एल्बोच्या मागे, बोटभर रुंद तपकिरी सावली उमटली होती. सर्वात जाड लाल मफलर तिथेच होता. दोष सहा फूट खाली, अडॅप्टरपाशी होता. स्टोव्हची शेपटी म्हणजे गोल वळवलेल्या पत्र्याचा तुकडा. तो कारखान्यातून निघाला तेव्हा गोल असेल, पण वाहतुकीत किंचित दबला होता आणि त्याच्या खालच्या अंगाला, दिसणार नाही अशा जागी, एक अष्टमांश इंचाची चंद्रकोर मोकळी राहिली होती. बसवणाऱ्याने वरच्या बाजूला सिलिकॉन लावलं होतं. खालच्या बाजूला त्याचं बोट पोचलेलं नव्हतं.

फट शोधायची सर्वात चांगली वेळ तीच, सकाळची सात मिनिटं. खोलीत अंधार करायचा. पूर्ण अंधार, पडदे लावून, जिन्याचा दिवाही बंद. स्टोव्ह थंड असताना चालू करायचा आणि पहिला धूर धरला की विजेरी पाइपच्या समांतर, अगदी घासून धरायची. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. कौलातून कवडसा पडला की त्यात चुलीचा धूर कसा तरंगताना दिसायचा, आणि कवडशाबाहेर काहीच दिसायचं नाही, तसंच हे. झोतात धुराचा पीळ दिसला की तिथून खाली खाली यायचं, सर्वात खालचा पीळ सापडेपर्यंत, आणि तपासाची सुरुवात नेहमी त्या खालच्या जागेपासून करायची. जोडीला अगरबत्ती. तिचा धूर स्थिर हवेत सरळ रेघेत वर जातो. सांध्याच्या खाली एक इंचावर धरून ती हळूहळू भोवती फिरवली तर गळतीच्या जागी रेघ बाहेरच्या दिशेला झुकते, फुंकर मारल्यासारखी. दाराच्या गॅस्केटपाशी धरली तर उलट आत ओढली जाते. खोलीचा पंखा सुरू झाला की चाचणी संपली. मग स्टोव्ह बंद करून निवू द्यायचा आणि हवं तर संध्याकाळी पुन्हा. घाईने दुसऱ्यांदा पेटवला तर पाइप गरम असतो, धूर पातळ असतो आणि हाती काही लागत नाही.

धूर स्टोव्हच्या पाठीमागून, पण पाइपवरून नव्हे असा येत असेल तर पाठीचं पत्र्याचं झाकण काढून ज्वलनाच्या पंख्याचं बूड बघावं. पंख्याची मोटर आणि तिचं घर यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. सफाईसाठी मोटर काढली की ते फाटतं, आणि तेच फाटलेलं पुन्हा लावायचा मोह भल्याभल्यांना होतो. मोटर काढली तर गॅस्केट नवंच लावायचं. इथली गळती वाईट, कारण खोलीचा पंखा बहुधा त्याच पाठीमागून हवा घेतो आणि धूर थेट घरभर वाटतो. अशा वेळी पाइपवर कितीही सिलिकॉन लावा, उपयोग शून्य.

दुरुस्ती म्हणजे पाइप सोडवणं. याला आडवाट नाही. बाहेरून लेप देऊन आतला सांधा बंद होत नाही. स्टोव्ह पूर्ण निवलेला हवा, वीज काढलेली हवी आणि खाली जुनं बेडशीट अंथरलेलं हवं, कारण टीमधून निघणारी राख पिठापेक्षा बारीक असते आणि एक शिंक सगळ्या खोलीला पुरते. घरातला साधा व्हॅक्यूम इथे वापरू नये. राख त्याच्या पिशवीतून आरपार जाते, आणि आत एखादा निखारा जिवंत असला तर व्हॅक्यूमच पेटतो. राखेसाठीचा, धातूच्या डब्याचा व्हॅक्यूम वेगळा मिळतो. पाइपचे तुकडे फिरवून सुटतात. ओळीने मांडून ठेवावेत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घालावा. पत्र्यावर धुराच्या दिशेचा बाण असेल तर तो परत लावताना तसाच वर यायला हवा.

मग सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात महत्त्वाचं काम, सफाई. सिलिकॉन काजळीला चिकटत नाही, राखेला चिकटत नाही, आणि जुन्या वाळलेल्या सिलिकॉनलाही धड चिकटत नाही. जुनं सगळं खरवडून काढायचं, आधी प्लास्टिकच्या पात्याने, उरलेलं ब्लेडने. मग पाइपचं टोक आणि त्याचं खोबण दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसायचं. बहुतेकांचं सिलिकॉन पुढच्या हिवाळ्यात सालीसारखं सुटून येतं ते ट्यूब वाईट होती म्हणून नव्हे, चौथ्यांदा पुसायचं राहिलं म्हणून.

सिलिकॉन घ्यायचं ते उष्णता सोसणारं, बहुधा लाल, ज्याच्या ट्यूबवर सलग ५०० अंश फॅरेनहाइटच्या आसपासचा आकडा असतो. पेलेटचा धूर पाइपमध्ये सहसा त्याच्या बराच खाली असतो. न्हाणीघरात लावतात ते पांढरं किंवा पारदर्शक सिलिकॉन इथलं नव्हे. आतल्या पाइपच्या नर टोकावर, म्हणजे दुसऱ्यात शिरणाऱ्या टोकावर, कडेपासून पाव इंच आत सोडून, सलग एक माळ घालायची. अगदी कडेवर घातली तर पाइप बसताना ती आत ढकलली जाते, आत लोंबते आणि पुढे राखेला धरून ठेवते. माळ तुटू द्यायची नाही. जिथे सुरू केली तिथे अर्धा इंच पुढे नेऊन संपवायची. ३ इंची पाइपचा घेर साधारण साडेनऊ इंच, पाव इंच जाडीची माळ म्हणजे ८ मिलिलिटरच्याही आतलं काम. पाच सांध्यांना मिळून जेमतेम अर्धी लहान ट्यूब लागते. त्या घरी तीन ट्यूबा संपल्या होत्या. जिथे ८ मिलिलिटर हवं होतं तिथे पोचलं नव्हतं एक थेंबही.

पाइप सरळ आत दाबायचा आणि कुलूप बसेपर्यंत एकाच दिशेने फिरवायचा. मागे फिरवून "जरा नीट करू" म्हटलं की माळ फाटते आणि सगळं पुसून नव्याने करावं लागतं. अडॅप्टरची गोष्ट वेगळी. शेपटी गोल नसेल तर आधी तिला हाताने किंवा लाकडी ठोकळ्याच्या आधाराने गोल करायची, कारण अष्टमांश इंचाची दरी सिलिकॉनने बुजवणं हा तात्पुरता इलाज आहे. शेपटीवर माळ घालून अडॅप्टर सरकवायचा, मग बाहेरच्या कडेवर दुसरी माळ, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती कोपऱ्यात दाबत न्यायची. खालचं अंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून छोटा आरसा धरायचा. अडॅप्टरच्या कॉलरला भोकं दिलेली असली तर स्क्रू लावावेत. दुहेरी पाइपच्या आतल्या भिंतीत मात्र स्क्रू कधीच घुसू द्यायचा नाही, नाहीतर एका फटीच्या जागी तीन होतात.

काही पाइपच्या सांध्यांत कारखान्यातच सिलिकॉनची अंगठी बसवून येते. ड्युराव्हेंट कंपनीचा पेलेटव्हेंट प्रो हे त्याचं ओळखीचं उदाहरण. युरोपात, विशेषतः इटलीच्या स्टोव्हना, ८० मिलिमीटरचे एकेरी काळे पाइप असतात, त्यांतही अशाच अंगठ्या. तिथे वरून सिलिकॉन लावायची गरज नसते, पण पाइप तिरका घुसवला तर अंगठी मुरगळते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून सोडवल्यावर प्रत्येक अंगठीवरून बोट फिरवून बघायचं. कडक झालेली किंवा चिरलेली बदलायची. आणि दोन कंपन्यांचे पाइप एकमेकांत बसवायचे नाहीत. माप ३ इंचच असतं, पण कुलपं वेगळी, खोबण वेगळी. बसल्यासारखे वाटतात आणि गळत राहतात.

टीची टोपी हा कायमचा दुखरा बिंदू आहे. तिला घट्ट बसायला हवं आणि वर्षातून एकदा-दोनदा उघडायलाही हवं. बऱ्याच टोप्या नुसत्या पत्र्यावर पत्रा अशा असतात आणि पेटवतानाचा धूर त्यांच्याभोवती वलय करून उतरतो. स्टोव्हच्या पुस्तकात टोपीबद्दल काही सांगितलं असेल तर तेच करावं. नसेल तर एक जुनी युक्ती चालते. टोपीची आतली कड व्हॅसलीनने हलकी माखायची, टीच्या पुसलेल्या कडेवर सिलिकॉनची बारीक माळ घालायची, टोपी अलगद बसवायची, जोर न लावता, आणि २४ तास हात लावायचा नाही. सिलिकॉन टीला धरतं आणि टोपीला धरत नाही. त्या टोपीच्या मापाचं गॅस्केट जागच्या जागी तयार होतं. नंतर टोपी उघडायची, व्हॅसलीन पुसायचं, परत लावायची.

सिलिकॉन उष्णतेने वाळत नाही, हवेतल्या ओलाव्याने वाळतं. वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. वीस मिनिटांत वर साय धरते आणि माणूस फसतो, आत ते लोण्यासारखंच असतं. जानेवारीत न्यू इंग्लंडच्या, म्हणजे न्यू हॅम्पशायर ज्यात येतं त्या ईशान्य अमेरिकेतल्या, घरातली हवा इतकी कोरडी असते की २४ तासांचे ४८ धरावेत आणि जवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवावं. ओलं असताना स्टोव्ह पेटवला तर माळ फुगते, तिला भोकं पडतात. म्हणून हे काम ऑक्टोबरातल्या एखाद्या उबदार शनिवारी करावं. उणे पंधराच्या रात्री घर थंड ठेवून ४८ तास थांबायची कोणाची तयारी नसते, आणि मग चिकटपट्टी मारली जाते. साधी चंदेरी पट्टी. तिचा डिंक तापला की घसरतो, आणि खाली काय चाललंय तेही ती झाकून टाकते. भट्टीचं सिमेंट त्याहून वाईट. ते दगडासारखं होतं, पाइप मात्र रोज तापून वाढतो आणि निवून आक्रसतो. दोन आठवड्यांत त्याच्या कपच्या टीमध्ये पडलेल्या सापडतात.

सांधा चांगला असूनही गळू शकतो, पुढे वाट तुंबली असेल तर. पेलेटची राख थोडी, चांगल्या मालात १ टक्क्याच्या आत, पण एका टनात ४० पौंडांच्या ५० पिशव्या असतात आणि त्यांची उडती राख टीत आणि आडव्या पाइपात बसते. वाट अरुंद झाली की पंख्याचा दाब वाढतो आणि तो दाब सर्वात कच्च्या सांध्यावर येतो. बसवणारे पाइपची लांबी मोजतात ती टेपने नव्हे, वेगळ्या हिशेबाने: आडवा १ फूट म्हणजे १, उभा १ फूट म्हणजे अर्धा, ९० अंशाचा एल्बो किंवा टी म्हणजे ५, ४५ अंशाचा एल्बो म्हणजे ३. बेरीज १५च्या वर गेली तर ३ इंची पाइप सोडून ४ इंची घ्यायचा. त्या घराचा हिशेब टीचे ५, उभ्याचे अडीच, एल्बोचे ५, आडव्याचे २, एकूण साडेचौदा. काठावर पास. त्यात टी अर्धी राखेने भरलेली आणि बाहेरची टोपी जमिनीपासून जेमतेम फूटभर वर, म्हणजे एका मोठ्या हिमवर्षावात गाडली जाईल इतकी. आडवा पाइप बाहेरच्या दिशेला चढता हवा, फुटाला पाव इंच. तो सपाट होता. नुसत्या सांध्यांच्या मागे लागलं असतं तर यातलं काहीच लक्षात आलं नसतं.

वीज जाते तेव्हा चांगला सांधाही उपयोगी पडत नाही, हे इथे सांगायला हवं. पंखा थांबतो, पॉटमधले पेलेट धुमसत राहतात आणि धूर वाट फुटेल तिकडे जातो, हॉपरमधूनसुद्धा. उभा पाइप असेल तर त्याची थोडी नैसर्गिक ओढ मदतीला येते, नुसता भिंतीतून सरळ बाहेर काढलेला असेल तर तीही नाही. डिसेंबर २००८च्या बर्फवादळात न्यू हॅम्पशायरमधली असंख्य घरं कित्येक दिवस अंधारात होती. पंख्यापुरती बॅटरी त्यासाठी. आणि कधी कधी पाइप निर्दोषच असतो. बाहेर टाकलेला धूर वाऱ्याने खिडकीतून परत येतो. पाइपची बाहेरची टोपी खिडकी-दारापासून बाजूला आणि खाली ४ फूट दूर हवी ती म्हणून. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा जोरात चालू असेल तर घरच हवा मागतं आणि ती मिळेल तिथून घेतं.

राहिला तो अलार्म. मुलाचा त्याच्यावरचा भरवसा अपुरा होता: हा अलार्म धूर नव्हे, धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी, बिनवासाचा वायू मोजतो. घरगुती कार्बन मोनॉक्साइड अलार्म अमेरिकन मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) १ ते ४ तासांनी वाजतो, १५०ला १० ते ५० मिनिटांत, ४००ला ४ ते १५ मिनिटांत. ३० पीपीएमला तो महिनाभर वाजू नये, असंच त्याला बनवलेलं असतं, म्हणजे उगाच घाबरवू नये म्हणून. सात मिनिटांच्या धुराला तो गप्प बसतो ते त्याच्या नियमानुसार. त्याचं गप्प असणं म्हणजे सांधे चांगले असल्याचा दाखला नाही. आकडा दाखवणारा मीटर स्टोव्हच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीबाहेर ठेवावा आणि शून्य सोडून काहीही दिसलं की कारण शोधावं. अलार्म वाजलाच, किंवा डोकं दुखायला आणि मळमळायला लागलं, तर फट शोधत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. म्हाताऱ्या माणसाने, लहान मुलाने "वास येतोय" म्हटलं तर ते खोडून काढण्याआधी एकदा खाली जाऊन बघावं. यंत्राची हद्द जिथे सुरू होते त्याच्या बरंच आधी माणसाचं नाक जागं झालेलं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस हवा निवळली तेव्हा त्या घरी पाइप उतरवला गेला. टीमधून दोन ओंजळी राख निघाली. शेपटी गोल केली, सांधे पुसले, माळा घातल्या, आडव्या पाइपला चढ दिला, टोपीखाली व्हॅसलीन लावून गॅस्केट पाडलं. एल्बोवरचा लाल लेप खरवडायला दुपार गेली. ४८ तास घर तेलाच्या छोट्या हीटरवर राहिलं. तिसऱ्या दिवशी साडेपाचला अंधारात विजेरीच्या झोतात नुसते धुळीचे कण होते आणि अगरबत्तीची रेघ अडॅप्टरखालून, टोपीखालून सरळ वर जात होती. पाचव्या मिनिटाला जाळ धरला. आई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी दोनदा श्वास ओढून बघितला.

"धूर नाही आता," त्या म्हणाल्या. "पण काहीतरी तेलकट तापतंय, खाली, त्या टोपीपाशी."

टोपी उघडली तर कडेला व्हॅसलीनचा एक पुसायचा राहिलेला पट्टा होता.